जुनी जम्बो साय-फाय कॉमिक्स जमवायचीत? आधी पट्टी घ्या

सत्तरच्या दशकात अमेरिकेत मार्व्हलने सिनेमांवरची काही कॉमिक्स भल्यामोठ्या आकारात काढली होती, त्याला जमवणारे लोक ट्रेझरी साइज म्हणतात. नेहमीचं अमेरिकन कॉमिक साधारण साडेसहा बाय दहा इंच, आणि हे जवळपास दहा बाय साडेतेरा. मजा सगळी या साइजची आहे आणि पुढे जो काही त्रास होतो तोही साइजमुळेच.

तर पहिली गोष्ट, सगळंच घ्यायला धावू नका, तीनचार नावं पक्की करा. माझं ऐकाल तर '२००१: अ स्पेस ओडिसी' पासून सुरू करा. सिनेमा १९६८चा, कॉमिक आलं १९७६ला, म्हणजे आठ वर्षांनी, आणि चित्रं काढलीत मार्व्हलच्या नामांकित जॅक कर्बीने. सिनेमा किती शांत आहे आणि कर्बीची पानं बघा, नुसता धडाका! पण एक लक्षात ठेवा, त्यानंतर याच नावाची साध्या साइजची मासिक सिरीज पण निघाली, १० अंकांची, आणि विकणारे कधीकधी दोन्हीचा घोळ घालतात.

मग 'स्टार वॉर्स'. यात तीन पुस्तकं आहेत. १९७७च्या नंबर १ आणि २ मध्ये अर्धी अर्धी गोष्ट, छापील किंमत एकेक डॉलर, आणि १९७८च्या नंबर ३ मध्ये पूर्ण गोष्ट एकत्र, अडीच डॉलर. त्यामुळे फक्त वाचायचं असेल तर ३ घेतलं की काम झालं, तिन्ही घेणं हा निव्वळ हौसेचा भाग (मी घेतली, अर्थात). लेखक रॉय थॉमस आणि चित्रकार हॉवर्ड चेकिनचं हे काम सिनेमा थिएटरला लागायच्या आधी सुरू झालेलं, म्हणून यात सिनेमातून कापलेले सीन पण आहेत. पुढच्या सिनेमात गोगलगायीसारखा लोळणारा गुंड जब्बा इथे तर चक्क दोन पायांवर उभा, वॉलरससारख्या तोंडाचा! काही कॉप्यांवर मार्व्हलऐवजी व्हिटमन या दुसऱ्या कंपनीचं नाव दिसेल, तर घाबरू नका, त्याही त्याच काळातल्या खऱ्या कॉप्या आहेत.

१९८०चं 'एम्पायर स्ट्राइक्स बॅक' पण या साइजमध्ये आहे, त्याच्यावर नंबर २ लिहिलंय, आणि नंबर २ स्टार वॉर्सलाही आहे. म्हणून ऑनलाइन शोधताना नंबरपेक्षा सिनेमाचं नाव आणि वर्ष टाका.

आता पट्टीचं काम. 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' १९७८ला मॅगझिन साइज आणि मोठी साइज अशा दोन्हीत आलं, आणि फोटोत दोन्ही सारखीच दिसतात हो! विकणाऱ्याला सरळ सांगा, कॉमिकशेजारी पट्टी ठेवून फोटो पाठव. सोबत चारही कोपऱ्यांचे, कण्याचे (म्हणजे पानं जोडलेल्या बाजूचे), मधल्या पानांचे आणि मागच्या कव्हरचे फोटो मागा. ही पुस्तकं कुठल्याच कपाटात नीट मावायची नाहीत, त्यामुळे कोपरे दबलेले आणि मधोमध आडवी घडी हे दोष नेहमीचेच. कोपऱ्याचं मला फार वाटत नाही, घडी मात्र मी सोडून देतो, उघडलं की नजर तिथेच जाते. गडद कव्हरवर कण्याजवळच्या पांढऱ्या रेषा झूम करून बघा, आणि पानं मोजून घ्या.

पैसे भरायच्या आधी पॅकिंगचं बोला. हे मी ठोकर खाऊन शिकलोय. एकाने मला कॉमिक चक्क गुंडाळी करून नळीत घालून पाठवलं, कालनिर्णय पाठवतात तसं! आठवडाभर वजनाखाली ठेवलं तरी टेबलावर ठेवलं की अजून कडा वर येतात. दोन कडक पुठ्ठे, कॉमिकपेक्षा सगळीकडून इंचभर मोठे, मध्ये पिशवीतलं कॉमिक, आणि टेप पिशवीला लावायची, कॉमिकला नाही, हे लिहून द्या. बाहेरून मागवताय तर पोस्टेज आणि कस्टम्स धरूनच हिशोब करा, कधीकधी कॉमिकपेक्षा पोस्टेज जास्त पडतं.

घरी आल्यावर साध्या कॉमिकच्या पिशव्या चालणार नाहीत, ट्रेझरी साइजच्या मागवाव्या लागतात. पिशवीत कॉमिकमागे ठेवायचा बोर्ड नाही मिळाला तर आर्ट मटेरियलच्या दुकानात ॲसिड-फ्री माउंटबोर्ड मागा आणि मापाने कापून घ्या. उभी ठेवली तर वाकतात, आडवीच ठेवा, एकावर एक पाचसहाच. आपल्याकडे पावसाळ्यात भिंतीला लागून असलेलं कपाट नको, सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि मध्येमध्ये बदला. फाटलं तर सेलोटेप नाही, लॅमिनेशन तर अजिबातच नाही, आणि शाळेच्या वहीसारखं ब्राउन पेपरचं कव्हर घालायचा मोह होईल तोही आवरा.

आणि वाचा हो, नुसती ठेवून काय करायचंय. हातात धरून वाचलं तर वजनाने कणा ताणला जातो, म्हणून हात धुवून, पुसून, जमिनीवर चादर अंथरून पालथं पडून वाचायचं. चहा दुसऱ्या खोलीत.