मोडल क्रियापदे शिकताना : ‘कुड’ म्हणजे ‘करू शकले’ नव्हे

मोडल क्रियापदांचे, म्हणजे क्षमता, शक्यता, परवानगी किंवा सक्ती दर्शवणाऱ्या इंग्रजीतील साहाय्यक क्रियापदांचे, प्राथमिक नियम तुम्हांला ठाऊक आहेत, असे मी गृहीत धरते. कॅन, मे, मस्ट यांच्यापुढे क्रियापदाचे मूळ रूप येते, कर्ता ‘ही’ असो वा ‘शी’, त्यांना ‘एस’ लागत नाही आणि दोन मोडल एकापाठोपाठ येत नाहीत. बारावीच्या परीक्षेत ‘शक्यता दर्शवणारे मोडल वापरून वाक्य पुन्हा लिहा’ अशा प्रश्नाला एवढे ज्ञान पुरते. मराठी माध्यमातून शिकून इंग्रजीत काम करणाऱ्या व्यक्तीची खरी अडचण त्यानंतर, म्हणजे काल काय घडले हे वरिष्ठांना लेखी कळवण्याची वेळ येते तेव्हा सुरू होते. माझी तरी तिथेच झाली, आणि आजही ई-मेल पाठवण्यापूर्वी मी त्यातील प्रत्येक ‘कुड’ थांबून तपासते.

मराठीत ‘मी काल अहवाल पूर्ण करू शकले’ असे म्हटले की अहवाल पूर्ण झाला, याविषयी कोणालाही शंका राहत नाही. हेच वाक्य आपण सहजपणे ‘आय कुड फिनिश द रिपोर्ट येस्टरडे’ असे लिहितो, कारण ‘कुड’ हे ‘कॅन’चे भूतकाळी रूप आहे असे आपल्याला शिकवलेले असते. ते अर्धेच खरे आहे. इंग्रजीत ‘कुड’ भूतकाळातील सर्वसाधारण क्षमता सांगते, उदाहरणार्थ, पाचव्या वर्षी तिला पोहता येत असे, ‘शी कुड स्विम’. एखाद्या विशिष्ट दिवशी एखादे काम प्रत्यक्ष पार पडले, हे सांगण्याचे सामर्थ्य होकारार्थी ‘कुड’मध्ये नाही. तिथे ‘वॉज एबल टू’ किंवा ‘मॅनेज्ड टू’ लागते. माझे मत विचाराल, तर बहुतेक वेळा साधा भूतकाळच उत्तम : ‘आय फिनिश्ड द रिपोर्ट’. ‘येस्टरडे’ हा शब्द गाळून कोणी नुसते ‘आय कुड फिनिश द रिपोर्ट’ लिहिले, तर वाचणाऱ्याला ती पूर्ण झालेल्या कामाची बातमी न वाटता पुढे करता येईल अशा कामाची तयारी वाटते.

हा गोंधळ दूर करण्यासाठी मला मराठीचाच आधार सापडला. आपल्याकडे तीन वेगळी रूपे आहेत. ‘करू शकले’ म्हणजे काम झाले. त्यासाठी ‘वॉज एबल टू’. ‘करू शकत होते’ म्हणजे क्षमता होती, काम झाले की नाही हे सांगितलेले नाही, त्यासाठी ‘कुड’. ‘करू शकले असते’ म्हणजे क्षमता किंवा संधी होती, पण काम झाले नाही. त्यासाठी ‘कुड हॅव’. या तिसऱ्या रूपाबाबत मी विशेष सावध करते. नुसते ‘कुड’ चुकते हे कळल्यावर अनेक जण भूतकाळ पक्का करण्यासाठी पुढे ‘हॅव’ जोडतात आणि ‘वी कुड हॅव कंप्लीटेड द टेस्टिंग’ असे लिहून मोकळे होतात. त्यांनी चाचणी खरोखर पूर्ण केलेली असते. वाचणारा मात्र ती झाली नाही असे समजून खुलासा मागतो. व्याकरणाच्या दृष्टीने वाक्य निर्दोष असल्यामुळे संगणकावरील तपासणीचे साधनही त्यावर बोट ठेवत नाही.

नकारार्थी वाक्यात मात्र घाबरण्याचे कारण नाही. ‘आय कुड नॉट फिनिश’ हे एकाच प्रसंगाबद्दलही बिनचूक आहे, आणि ‘हार्डली’सारख्या जवळजवळ नकारार्थी शब्दासोबतही ‘कुड’ चालते. दिसणे, ऐकू येणे, वास येणे, आठवणे अशा क्रियापदांनाही हे बंधन नाही. ‘आय कुड हिअर हिम’ म्हणजे त्या वेळी त्याचा आवाज खरोखर ऐकू येत होता. एवढे अपवाद लक्षात ठेवले की पुरते.

‘कॅन म्हणजे शकणे, मे म्हणजे कदाचित, मस्ट म्हणजेच पाहिजे’ अशा एका पानाच्या तक्त्यांवर माझा विश्वास नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री ते उपयोगी असतील, पण ज्याने वर्षभर तोच तक्ता पाठ केला, त्याला पुढे तो विसरण्यासाठीही कष्ट घ्यावे लागतात. मार्गदर्शक निवडतानाही माझी एकच कसोटी आहे. ‘असे म्हणत नाहीत’ एवढेच सांगून वाक्य खोडणाऱ्यापेक्षा ‘हे काम झाले होते का?’ असे विचारणारी व्यक्ती अधिक शिकवते, मग तिचे उच्चार कसेही असोत.

‘मस्ट’ला स्वतःचे भूतकाळी रूप नाही, कारण ऐतिहासिक दृष्ट्या ते स्वतःच एका जुन्या क्रियापदाचे भूतकाळी रूप आहे. म्हणून ‘मला जावे लागले’ यासाठी ‘हॅड टू’ घ्यावे लागते. ‘मस्ट हॅव गॉन’ याचा अर्थ ‘तो गेला असणार’ असा अनुमानाचा होतो, आणि त्याचा नकार ‘कान्ट हॅव गॉन’ असा करतात. सक्तीच्या अर्थाने नकार करताना याहून मोठा धोका आहे. ‘यू मस्ट नॉट अटेंड’ ही बंदी आहे. ‘यायची गरज नाही’ हे सांगायचे असेल तर ‘यू डोन्ट हॅव टू अटेंड’ असेच लिहावे. या दोहोंची अदलाबदल झाली, तर ज्याला सवलत द्यायची होती त्याचा अपमान होतो.

कायदा आणि तांत्रिक लेखन या क्षेत्रांत तर मोडलवर संपूर्ण तरतूद अवलंबून असते. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ३४३ मध्ये संघराज्याची राजभाषा देवनागरी लिपीतील हिंदी असेल, हे सांगताना इंग्रजी पाठात ‘शॅल’ आहे. अनुच्छेद ३४५ मध्ये राज्याचे विधानमंडळ आपली राजभाषा कायद्याने स्वीकारू शकेल, तिथे ‘मे’ आहे. पहिल्या ठिकाणी निर्णय झालेला आहे, तर दुसऱ्या ठिकाणी तो राज्यावर सोपवलेला आहे. महाराष्ट्राने १९६४ चा राजभाषा अधिनियम करून तो मराठीच्या बाजूने घेतला. इंटरनेटच्या मानकांसाठी १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर.एफ.सी. २११९ या दस्तऐवजात ‘मस्ट’ म्हणजे अनिवार्य, ‘शुड’ म्हणजे सबळ कारण असल्यास परिणाम समजून घेऊन बाजूला ठेवता येईल असे, आणि ‘मे’ म्हणजे पूर्णतः ऐच्छिक, असे अर्थ निश्चित केलेले आहेत. सॉफ्टवेअर क्षेत्रात येणाऱ्यांनी तो वाचावाच. तो अगदी लहान आहे आणि मोडलविषयी इतकी शिस्तबद्ध मांडणी मला अन्यत्र क्वचितच आढळली.

‘वुड’बद्दल थोडक्यात सांगते. आपल्याकडील सूचनाफलकांवर ‘द ऑफिस वुड रिमेन क्लोज्ड टुमॉरो’ असे सर्रास दिसते, कारण ‘वुड’ अधिक नम्र वाटते. विनंती करताना ते नम्र असतेच; पण ठरलेली गोष्ट जाहीर करताना ‘विल’ हवे, अन्यथा बाहेरचा वाचक ‘कोणत्या अटीवर बंद राहील?’ असे विचारतो. हे सारे एकाच वेळी सुधारू पाहणाऱ्याची दमछाक होते, म्हणून सुरुवातीला स्वतःचे जुने ई-मेल उघडून फक्त होकारार्थी ‘कुड’ शोधावेत, जिथे काम खरोखर झाले होते तिथे साधा भूतकाळ घालावा, आणि ‘मस्ट’कडे त्यानंतरच वळावे.