कोबीवरच्या अळ्या: गड्डा धरण्याआधीच आवरा

कोबीचा गड्डा आवळायला लागला की आत शिरलेल्या अळीपर्यंत कोणतीही फवारणी पोचत नाही. म्हणून खरं काम रोप लावल्यापासून गड्डा धरेपर्यंतच्या आठवड्यांतलं. फ्लॉवर आणि ब्रोकोलीचंही तेच. नवलकोल नि मुळ्याची पानंच जातात, तिथे थोडं सैल राहिलं तरी चालतं.

आठवड्यातून दोनदा पानं उलटून बघा. पानाला पातळ पापुद्र्याच्या खिडक्या पडल्या असतील आणि हात लावताच दोन्ही टोकांना निमुळती, फिकट हिरवी अळी वळवळत धाग्याला लोंबकळली, तर ती चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची. सगळ्यांत चिवट कीड हीच. उन्हाळ्याकडे तिची पिढी दोन-अडीच आठवड्यांत पुरी होते, त्यामुळे उशिरा लावलेला कोबी जास्त सोसतो. एकाच पानावर तपकिरी लोकरीने झाकलेला अंड्यांचा पुंजका किंवा झुंडीने खाणाऱ्या बारीक अळ्या दिसल्या, तर ती तंबाखूवरची पानं खाणारी अळी. तिथे औषध कशाला? ते पान तोडा आणि साबणाच्या पाण्यात बुडवा. हीच अळी मोठी झाली की दिवसा मातीत लपते, मग रात्री टॉर्च घेऊन वेचावी लागते.

वेचताना पानावरचे सगळेच कोष चिरडू नका. विरळ जाळीतून आतला हिरवा कोष दिसतो तो पतंगाचा. तांदळाच्या दाण्याहून लहान, पांढरा आणि दाट विणीचा असतो तो अळीवर जगणाऱ्या गांधीलमाशीचा. तो राहू द्या.

चार-सहा कुंड्या किंवा एखादा वाफा असेल तर ४० मेशची, म्हणजे इंचाला चाळीस छिद्रांची जाळी हा सर्वांत सरळ उपाय. कोबीला गड्ड्यासाठी परागीभवन लागत नाही, त्यामुळे ती काढणीपर्यंत ठेवता येते. मात्र लावणीच्याच दिवशी घाला, त्याआधी रोपांची पानं तपासा आणि कडा मातीत दाबा. अळी आधीच आत असेल तर जाळी तिला तिच्या शत्रूंपासून वाचवते! पान जाळीला टेकलं तर पतंग बाहेरूनच अंडी घालतो, म्हणून कमानी उंच ठेवा.

जाळी नसेल तर मोहरी पेरा. कोबी लावण्याच्या साधारण १५ दिवस आधी कडेने एक ओळ आणि लावणीनंतर २५ दिवसांनी दुसरी. पतंग मोहरीकडे ओढला जातो. पण मोहरीवरच्या अळ्या वेळच्या वेळी मारल्या नाहीत, तर तिथूनच सगळ्या वाफ्यात पसरतात.

फवारणीसाठी ५ टक्के निंबोळी अर्क:
१. सावलीत वाळवलेल्या निंबोळीच्या बियांतल्या गराची ५० ग्रॅम भरड अर्धा लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. बुरशी लागलेली किंवा वर्षभर पडून राहिलेली निंबोळी नको.
२. दुहेरी फडक्यातून पिळून गाळा, एक लिटर करा.
३. किसलेला साधा साबण एक-दोन ग्रॅम विरघळवा. कोबीच्या पानावर मेण असतं, साबणाशिवाय थेंब ओघळून जातात. जास्त झाला तर पानं करपतात.
४. त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर, पानांच्या खालून फवारा.

लावणीनंतर दोन आठवड्यांनी सुरुवात करून दर ८ ते १० दिवसांनी. हा अर्क मोठी अळी लगेच मारत नाही. अंडी घालणं, खाणं आणि वाढ रोखणं हे त्याचं काम, म्हणून लवकर वापरलेलाच उपयोगी.

त्यानेही आवरलं नाही तर बीटी, म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस कुर्स्टाकी या अळ्या मारणाऱ्या जिवाणूचं औषध. पुड्यावरच्या प्रमाणातच, बहुतेक भुकटी लिटरला एक-दोन ग्रॅम. अळीच्या पोटात गेल्याशिवाय त्याचा उपयोग नाही आणि उन्हात ते लवकर निकामी होतं, म्हणून हेही संध्याकाळी. खाणं काही तासांत थांबतं, मरायला दोन-तीन दिवस जातात. अळी अजून हलते म्हणून दुसऱ्या दिवशी परत फवारण्याची गरज नसते. मात्र दर वेळी बीटीच नको. शेतातल्या पिकावर बीटीला दाद न देणारी पहिली कीड म्हणजे हाच चौकोनी ठिपक्यांचा पतंग. निंबोळी अर्काशी आलटूनपालटून वापरा.

राख भुरभुरायची सवय असेल तर चालू द्या, पण पहिल्या पाण्यात ती धुऊन जाते आणि पानाखालच्या अळीला तिचं काहीच वाटत नाही.

गड्डे काढल्यावर बुंधे उपटून टाका. ठेवले तर त्यांना कोवळे फुटवे येतात आणि पुढच्या लावणीच्या अळ्या तिथेच पोसल्या जातात.