मोबाईलवर पाळीची नोंद: तारीख कशी टाकायची आणि ॲपचं किती ऐकायचं

पाळीचं कुठलंही ॲप पहिल्यांदा उघडलं की ते तीन गोष्टी विचारतं. शेवटची पाळी कधी सुरू झाली, किती दिवस चालते आणि किती दिवसांनी येते. खाली २८ आणि ५ हे आकडे आधीच भरून ठेवलेले असतात. बहुतेकजणी ते तसेच ठेवून पुढे जातात आणि मग दोन महिन्यांनी म्हणतात, ‘ॲप चुकीचं सांगतंय.’ ते २८ तुमचे नसतातच. ॲपला काहीच माहीत नसतं म्हणून धरलेला तो आकडा आहे. माहीत नसेल तर तिथं ‘माहीत नाही’ निवडा, किंवा खालचं वाचून आपला खरा आकडा काढा.

पहिला दिवस कुठला

सगळी गणितं या एका दिवसावर उभी असतात. पॅड किंवा कापड घ्यावं लागेल इतकं लाल रक्त ज्या दिवशी येतं, तो पहिला दिवस. रात्री नऊला सुरू झालं तरी तोच. आदल्या एक-दोन दिवशी नुसते तपकिरी डाग दिसले, तर ते ‘स्पॉटिंग’ म्हणून टाका, पाळी म्हणून नाही. एका महिन्यात डागापासून मोजलं आणि दुसऱ्या महिन्यात लाल रक्तापासून, तर शरीर नियमित असूनही कागदावर दोन-तीन दिवसांचा फरक दिसतो.

चक्राची लांबी म्हणजे या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या आदल्या दिवसापर्यंतचे दिवस. पाळी थांबल्यापासून मोजायचं नसतं. ही चूक घरोघरी होते, आणि ‘माझी पाळी बावीस दिवसांनी येते’ म्हणणारीची पाळी प्रत्यक्षात सत्तावीस दिवसांनी येत असते.

जुन्या तारखा आठवताना आपल्याकडे सण मदतीला येतात. गौरी जेवल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी, जोतिबाच्या चैत्र यात्रेला जायचं होतं तेव्हाच, त्र्यंबोली यात्रेच्या आदल्या दिवशी. भिंतीवरचं कॅलेंडर काढा आणि त्या तिथीची तारीख शोधून टाका. मात्र मधला एखादा महिना अजिबात आठवत नसेल, तर त्याच्या मागच्या तारखा टाकू नका. सलग आठवतात तेवढ्याच भरा. का, ते पुढच्या उदाहरणात दिसेल.

एका वहीतलं गणित

समजा २०२५ मध्ये पाळी या दिवशी सुरू झाली: ४ जानेवारी, १ फेब्रुवारी, ४ मार्च, ३० मार्च, १ मे, ३० मे, २८ जून. मधली चक्रं झाली २८, ३१, २६, ३२, २९ आणि २९ दिवसांची. सरासरी २९. साधं ॲप २८ जूनमध्ये २९ मिळवून सांगणार, पुढची पाळी २७ जुलैला.

पण या बाईची पाळी २६ दिवसांनीही आलेली आहे आणि ३२ दिवसांनीही. म्हणजे २४ ते ३० जुलै यातला कुठलाही दिवस तिच्यासाठी वेळेवरच आहे. २९ जुलैला ॲपवर ‘२ दिवस उशीर’ असं लाल अक्षरात आलं, तरी तिचा उशीर झालेला नसतो. म्हणून सरासरीच्या शेजारी आपलं सर्वांत लहान आणि सर्वांत मोठं चक्र लिहून ठेवा. दवाखान्यातही हे दोन आकडे सरासरीपेक्षा जास्त उपयोगी पडतात.

आता ३० मार्चची नोंद राहून गेली असं धरा. ॲपला ४ मार्च ते १ मे हे ५८ दिवसांचं एकच चक्र दिसतं, सरासरी ३५ वर जाते आणि पुढची पाळी २ ऑगस्टला दाखवली जाते. एक नोंद हुकली आणि अंदाज सहा दिवसांनी सरकला. अशी चूक सापडली तर कॅलेंडरवर मागे जाऊन तारीख भरता येते. तारीख आठवतच नसेल आणि ॲपमध्ये ते चक्र सरासरीतून वगळायची सोय असेल, तर ती वापरा.

दुसरा गोंधळ एका फोनवर दोघींचा. आई आणि लेकीच्या किंवा दोन बहिणींच्या तारखा एकाच ॲपमध्ये टाकल्या तर पंधरा-पंधरा दिवसांची चक्रं दिसतात आणि कुणाचंच काही कळत नाही. एकीला ॲप, दुसरीला साधी वही. वहीत काही कमी नाही.

दिवस राहण्याचे दिवस

ॲपवर पाच-सहा दिवस वेगळ्या रंगात येतात. ते काढतं कसं? पुढच्या अंदाजे पाळीतून १४ दिवस वजा करून. वरच्या उदाहरणात स्त्रीबीज बाहेर पडण्याचा दिवस येतो १३ जुलै. पुरुषबीज शरीरात पाच दिवसांपर्यंत टिकू शकतं आणि स्त्रीबीज १२ ते २४ तास, म्हणून ॲप ८ ते १३ जुलै रंगवतं.

पाळीची तारीखच २४ ते ३० अशी हलते, तर बीजाचा दिवसही १० ते १६ असा हलणार. शिवाय ते १४ दिवसही प्रत्येकीचे सारखे नसतात. त्यामुळे जुन्या कॅलेंडर पद्धतीत सर्वांत लहान चक्रातून १८ आणि सर्वांत मोठ्यातून ११ वजा करतात: इथे चक्राचा ८ वा ते २१ वा दिवस, म्हणजे ५ ते १८ जुलै. ॲपचे सहा दिवस आणि हे चौदा दिवस यांतला फरक नीट पाहा. रंग नसलेला दिवस ‘सुरक्षित’ समजून गर्भनिरोधक टाळू नका. साध्या तारखांच्या ॲपवर हा भरवसा ठेवून नको असताना दिवस राहतात, आणि त्याचा सगळा भार बाईवर येतो.

मूल हवं असेल तर त्या रंगाचा उपयोग आहे, पण शरीराच्या खुणा सोबत नोंदवा. कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखा, बोटांत ताणला जाणारा स्राव दिसू लागला की ते दिवस जवळ आले. मेडिकलमध्ये मिळणारी ओव्ह्युलेशन स्ट्रिप लघवीत बुडवून पाहिली तर बीज बाहेर पडण्याच्या साधारण २४ ते ३६ तास आधी ती पॉझिटिव्ह येते. पीसीओएस (हार्मोनच्या बिघाडामुळे बीज वेळेवर बाहेर न पडणं) असेल तर मात्र ती वारंवार खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते.

तापमानाची पद्धत मेहनतीची आहे. जाग येताच, अंथरुणातून उठण्याआधी, रोज एकाच वेळी मोजायचं. बीज बाहेर पडल्यावर तापमान साधारण अर्धा अंश फॅरनहाइट चढतं आणि चढलेलंच राहतं. आधीच्या सहा दिवसांपेक्षा सलग तीन दिवस वर राहिलं तर बीज येऊन गेलं असं धरतात. म्हणजे ही खूण नंतर कळते, आधी नाही. दशांश चिन्हानंतर दोन आकडे दाखवणारा थर्मामीटर लागतो, तापाचा साधा चालत नाही. इचलकरंजीत मागावर किंवा एमआयडीसीत रात्रपाळी करणाऱ्या, तान्ह्या बाळासाठी रात्रभर उठणाऱ्या बाईला ही पद्धत जमत नाही. वाचन बिघडतं आणि नुसता मनस्ताप होतो.

गोळ्या, तांबी, इंजेक्शन

नवरात्रात घट बसायच्या वेळी किंवा यात्रेच्या आधी पाळी लांबवायची गोळी घेणं आपल्याकडे सर्रास चालतं. ही बहुतेक वेळा नॉरएथिस्टेरॉन असते. बंद केली की साधारण दोन-तीन दिवसांत रक्तस्राव येतो. तो गोळीमुळे आलेला असतो, त्यामुळे ते चक्र सरासरीत धरू नका, आणि टिपणात गोळी कधी सुरू, कधी बंद ते लिहा. मेडिकलमधून परस्पर घेऊ नका. पूर्वी रक्ताची गाठ झालेली असेल, अर्धशिशी असेल, बाळ अंगावर पीत असेल तर डॉक्टरांना आधी सांगणं फार गरजेचं आहे.

तातडीची गर्भनिरोधक गोळी घेतली तर पुढची पाळी आठवडाभर मागेपुढे होऊ शकते. तीही लिहा. रोजच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर असाल तर ॲपमधलं सुपीक दिवसांचं दाखवणं बंदच करा, कारण त्या काळात त्याला अर्थ नसतो. सरकारी दवाखान्यात मिळणारं तीन महिन्यांचं ‘अंतरा’ इंजेक्शन आणि आठवड्याची ‘छाया’ गोळी यांच्याबाबतीतही तेच. अंतरावर पाळी अनियमित होते किंवा येतच नाही, छायावर लांबू शकते. ॲप ‘४० दिवस उशीर’ म्हणत राहील, त्याला हे माहीत नसतं. तांबी बसवल्यावर पहिले तीन ते सहा महिने अंगावरून जास्त जाऊ शकतं, म्हणून बसवल्याची तारीख टाका.

बाळंतपणानंतर पाळी परत आली नाही म्हणून निर्धास्त राहू नका. पहिल्या पाळीच्या आधीच बीज बाहेर पडू शकतं.

किती जातं, ते आकड्यात

ॲपमध्ये ‘कमी, मध्यम, जास्त’ असे तीन थेंब असतात. दर महिन्याला पॅड भिजून कपड्यांना डाग लागणारी बाई वर्षानुवर्षे ‘मध्यम’ टाकत राहते, कारण तिच्या घरात सगळ्यांचं तसंच जातं. त्यापेक्षा मोजा. डॉक्टर वापरतात त्या तक्त्यात किंचित डाग लागलेल्या पॅडला १ गुण, अर्धवट भिजलेल्याला ५, पूर्ण भिजलेल्याला २०. लहान गाठ १, मोठी गाठ ५. एका पाळीची बेरीज १०० च्या वर गेली तर रक्तस्राव जास्त आहे असं समजून तपासून घ्या. कापड वापरणाऱ्यांना हा तक्ता बसत नाही, त्यांनी दिवसाला किती वेळा बदललं ते लिहावं. पाळीचा कप असेल तर काम सोपं, अनेक कपांच्या आत मिलिलिटरच्या खुणा असतात. पूर्ण पाळीत ८० मिलिलिटरच्या वर म्हणजे जास्त.

अंगावरून जास्त जाणाऱ्या बाईचं हिमोग्लोबिन हळूहळू उतरतं. १२ च्या खाली गेलं की ॲनिमिया. धाप लागणं, पायऱ्या चढताना छातीत धडधडणं हे ‘कामाचा थकवा’ म्हणून सोडून दिलं जातं. थकव्याची नोंद पाळीच्या नोंदीशेजारी असली की दोन्हींचा संबंध डोळ्यांना दिसतो.

बाकी मूड, पुरळ, झोप, खाण्याची इच्छा अशी पन्नास चिन्हं ॲप देतं. सगळी भरायला गेलात तर दहा दिवसांत कंटाळून ॲप बंद होईल. तारीख, पॅड, दुखणं दहापैकी किती आणि घेतलेली गोळी, एवढं पुरे.

ॲपने नाही, डॉक्टरांनी पाहायचं

मोठ्या बाईचं चक्र २१ पेक्षा कमी किंवा ३५ पेक्षा जास्त दिवसांचं वारंवार होत असेल, पाळी आठ दिवसांहून जास्त चालत असेल, मधूनच किंवा संबंधानंतर रक्त जात असेल, दहा रुपयांच्या नाण्याएवढ्या गाठी पडत असतील, दुखण्यामुळे शाळा किंवा काम बुडत असेल, तर दाखवा. तीन महिने पाळी नाही आणि दिवसही राहिलेले नाहीत, तरी दाखवा. मुलींना पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षं ४५ दिवसांपर्यंतचं चक्र चालतं. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एकदा जरी रक्त दिसलं, तरी ‘परत आली’ म्हणून ॲपमध्ये टाकून थांबू नका, त्याच आठवड्यात पिशवीची तपासणी करून घ्या.

तासाला एक पॅड पूर्ण भिजतंय आणि सलग दोन तास तसंच चाललंय, किंवा पाळी चुकलेली असताना पोटात एका बाजूला जोराची कळ आणि चक्कर येतेय, तर लगेच निघा. कोल्हापुरात सीपीआर म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय आहे, गावाकडे जवळचं ग्रामीण रुग्णालय.

डॉक्टरांसमोर फोन स्क्रोल करत बसण्यापेक्षा एका कागदावर सहा ओळी लिहून न्या: सहा पाळ्यांच्या पहिल्या तारखा, प्रत्येकीचे दिवस आणि पॅड, शेवटी चालू गोळ्या. झेरॉक्सच्या दुकानात रिपोर्ट पाठवून प्रिंट काढली तर फाईल त्यांच्या व्हॉट्सॲपवर आणि संगणकावर राहते. गरोदरपणात हीच शेवटच्या पाळीची तारीख प्रसूतीची तारीख काढायला लागते: तीत २८० दिवस मिळवतात. पाळी अनियमित असेल तर लवकर केलेली सोनोग्राफी जास्त भरवशाची.

नोंद कुणाच्या हाती

पाळीची माहिती म्हणजे संबंध, गर्भ, गर्भपात या सगळ्यांची माहिती. २०२१ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे तिथल्या ग्राहकांचं हित पाहणाऱ्या सरकारी संस्थेने, फ्लो या पाळीच्या ॲपच्या कंपनीशी तडजोड केली. बायकांची आरोग्याची माहिती फेसबुक, गूगल यांच्या विश्लेषण सेवांकडे गेल्याचा आरोप त्यात होता. म्हणून ॲप निवडताना पहिला प्रश्न हा: खातं न उघडता चालतं का? ड्रिपसारखी ॲप नोंदी फोनमध्येच ठेवतात. आयफोनच्या हेल्थ ॲपमध्ये पाळीची सोय आधीच असते. लोकेशन आणि कॉन्टॅक्टची परवानगी द्यायचं काहीच कारण नाही, नाकारा.

घरातला धोका वेगळा. अनेकींचा फोन मुलाने किंवा पुतण्याने स्वतःच्या जीमेलवर सुरू करून दिलेला असतो. बॅकअप त्याच खात्यात जातो. आधी ते खातं कुणाचं आहे ते पाहा. मग ॲपला वेगळा पिन लावा आणि फोनच्या सेटिंगमध्ये लॉक स्क्रीनवर नोटिफिकेशनचा मजकूर लपवा, नाहीतर ‘उद्या पाळी येण्याची शक्यता’ हे चहाच्या वेळी सगळ्यांसमोर उजळतं.

नोंदी फक्त फोनमध्ये असतील तर फोन गेला की त्याही गेल्या. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेकाठच्या घरांतलं काय काय गेलं ते इथल्या माणसाला सांगायला नको. दर तीन महिन्यांनी पहिल्या दिवसांच्या तारखा वहीत उतरवा, आणि वही आधारकार्डाच्या पिशवीत ठेवा.

फोन विकताना किंवा एक्सचेंजला देताना नुसतं ॲप काढून टाकलं तर कंपनीकडची माहिती तशीच राहते. आधी ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन खातं डिलीट करा, त्याची पुष्टी आल्यावर ॲप काढा, आणि शेवटी फोन फॅक्टरी रीसेट करा.