बंडखोर नायक आणि गेलेलं भावंड : मनोविश्लेषणात्मक वाचनाला कुठून हात घालावा

एम.ए.ला मनोविश्लेषणात्मक समीक्षेवर पहिला निबंध लिहायचा असला की बरेच जण आधी मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड उघडतात, त्यातला इडिपस गंड (मुलाला आईची ओढ आणि बापाशी स्पर्धा) उचलतात आणि मग कादंबरीत बाप शोधत बसतात. बाप सापडतोच, आणि निबंध तिथेच फसतो. आधी कादंबऱ्या घ्या, दोन किंवा तीनच, आणि त्यांना बांधणारी एक ठोस घटना ठरवा. ‘ओळख आणि बंड’ हा विषय फार पसरट आहे. ‘बंडखोराचं गेलेलं भावंड’ पंधरा पानांत मावतं.

सॅलिंजर यांची ‘द कॅचर इन द राय’ (१९५१), नेमाड्यांची ‘कोसला’ (१९६३) आणि झिंबाब्वेच्या त्सित्सी डांगारेम्ब्गा यांची ‘नर्व्हस कंडिशन्स’ (१९८८) ही तिकडी या कामाला उत्तम. तिन्हींचे निवेदक अनुक्रमे होल्डन, पांडुरंग आणि तांबू ही मुलगी. होल्डनचा धाकटा भाऊ अ‍ॅली ल्युकेमियानं जातो, पांडुरंगची बहीण मनी देवीनं, तांबूचा भाऊ न्हामो गालगुंडानं.

पहिलं वाचन सरळ करा, हाताशी सिद्धांत नको. दुसऱ्या वेळी पेन्सिल घेऊन तीनच गोष्टींवर खुणा करा : काय पुन्हापुन्हा येतं, कुठे निवेदक गप्प होतो किंवा विषय बदलतो, आणि शरीराला काय होतं. अ‍ॅली गेला त्या रात्री होल्डन गॅरेजच्या काचा मुठीनं फोडतो; नंतरही त्याची ती मूठ नीट वळत नाही. पांडुरंगच्या बाबतीत शरीराइतकीच भाषा बघा. ‘उदाहरणार्थ’, ‘वगैरे’ हे शब्द म्हणजे नुसती लकब नव्हे, ते अंतर राखण्याचं साधन आहे. मनीच्या मृत्यूच्या भागात ते कुठे टिकतात, कुठे गळतात हे चक्क मोजा. हे काम मूळ मराठीतच होतं, भाषांतरावरून करू नका. प्रत्येक कादंबरीतले चार-पाच उतारे पुरतात.

आता फ्रॉइड, आणि तोही शोक व विषण्णता यांवरचा १९१७ चा छोटा निबंध. शोकात जग रितं होतं, विषण्णतेत ‘मी’च रिता होतो, माणूस स्वतःला बोल लावतो, पण तो बोल खरा गमावलेल्या माणसावरचा असतो. होल्डन आणि पांडुरंग यांची तुच्छता, आळस, स्वतःला खाली पाडणं या उजेडात उलगडतं. तांबू मात्र यात बसत नाही. भाऊ मेल्याचं आपल्याला वाईट वाटलं नाही, हे ती पहिल्याच वाक्यात सांगते, कारण त्याच्या जाण्यानं तिला शाळेचं दार उघडतं. सिद्धांत इथे अडतो. ती अडचण झाकू नका, खरी तुलना तिथूनच सुरू होते.

बापाच्या बाबतीतही सिद्धांत असाच अडतो. तांबूच्या घरात शब्द चालतो तो मिशन शाळेचा मुख्याध्यापक असलेल्या काकाचा, बाबामुकुरूचा, आणि त्याच्या मागे वसाहतीची सत्ता उभी आहे. पांडुरंग शेवटी सांगवीला, बापाच्याच घरी परततो. बापाला हटवणं हेच बंडाचं टोक मानलं तर हा शेवट निव्वळ पराभव ठरतो. तसं मानण्याआधी गिरींद्रशेखर बोस वाचा. १९२२ साली कलकत्त्यात भारतीय मनोविश्लेषण संस्था उभी करणाऱ्या या माणसानं इडिपस गंडाबद्दल फ्रॉइडशी पत्रांतून मतभेद मांडले होते.

सगळ्यात घातक चूक म्हणजे पात्राला रोगाचं नाव चिकटवणं. होल्डन रुग्ण नाही, तो वाक्यांचा बनलेला आहे. दुसरी चूक, लेखकाच्या चरित्रातून पुरावा आणणं. परिच्छेद तपासताना कादंबरीचं नाव बदलून बघा. तरीही तो तसाच लागू पडत असेल तर काढून टाका.

‘नर्व्हस कंडिशन्स’चा शेवटचा भाग सुटू देऊ नका. तांबूची चुलत बहीण न्याशा खाणं टाकते, खाल्लेलं ओकून काढते, इतिहासाची पुस्तकं दातांनी फाडते. गोरा मनोविकारतज्ज्ञ म्हणतो, आफ्रिकी माणसांना असला त्रास होतच नाही, ही मुलगी नाटक करतेय. कादंबरीचं शीर्षक फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्रनं वसाहतवादविरोधी मनोविकारतज्ज्ञ फॅननच्या ‘द रेचेड ऑफ द अर्थ’ या पुस्तकाला लिहिलेल्या प्रस्तावनेतून आलंय. फॅनन वापरायचा असेल तर या प्रसंगापाशी वापरा. एरवी तो नावापुरताच उरतो.