अकरावीत गणित सोडायचंय? निर्णयाआधी या चुका टाळा

पहिल्या चाचणीचा निकाल लागला की अकरावी सायन्सच्या वर्गांत एकच चर्चा सुरू होते: गणित सोडून टाकू का? दहावीला गणितात नव्वदच्या पुढे असलेली मुलंही इथे पंचवीसपैकी आठ-दहावर येतात आणि घाबरतात. गणित सोडणं काही जणांसाठी अगदी योग्य असतं. अडचण एवढीच की बहुतेक जण हा निर्णय अपुऱ्या माहितीवर आणि घाईत घेतात.

फक्त गुण बघून ठरवणं

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीने होतं. गुणांवरून किती चुकलं ते कळतं, काय चुकलं ते कळत नाही. उत्तरपत्रिका घेऊन बसा (परत मिळाली नसेल तर सोडवलेली वही चालेल) आणि गेलेल्या प्रत्येक गुणासमोर खूण करा. चिन्ह, अपूर्णांक, कंस किंवा अवयव चुकले असतील तर 'क'. सूत्र किंवा व्याख्या आठवली नसेल तर 'ख'. सूत्रं माहीत होती, तरी सुरुवात कुठून करायची हेच सुचलं नसेल तर 'ग'.

निम्म्याहून जास्त गुण 'क'मध्ये गेले असतील तर अकरावीचं गणित तुम्हाला अवघड जातंय असं म्हणताच येत नाही. आठवी ते दहावीचं बीजगणित कच्चं राहिलंय. रोज पाऊण तास, साधारण तीन आठवडे, याच क्रमाने करा: बैजिक राशींचे अवयव, अपूर्णांक असलेली समीकरणं, घातांकांचे नियम, वर्गसमीकरणं. जुन्या पुस्तकांतले सरावसंच पुरेसे आहेत, नवीन गाइड लागत नाही.

'ख' जास्त असेल तर बहुधा दोष ट्रिगॉनॉमेट्रीच्या पाठांतरात सापडेल. तीस-चाळीस सूत्रं सुटी सुटी पाठ केली की परीक्षेत ती एकमेकांत मिसळतात. दोन कोनांच्या बेरजेची आणि वजाबाकीची साइन-कोसाइनची चार सूत्रं पक्की करा. दुप्पट कोनाची आणि गुणाकाराचं बेरजेत रूपांतर करणारी सूत्रं रोज त्यांतूनच कोऱ्या कागदावर काढा. आठवड्याभरात हात बसतो.

'ग' ही खरी अडचण. तिची परीक्षा अशी घ्या: पुस्तकातली पाच सोडवलेली उदाहरणं नीट समजून घ्या, पुस्तक मिटा आणि दुसऱ्या दिवशी तीच न बघता सोडवा. हे तीन आठवडे रोज करायचं. पहिल्या आठवड्यात पाचांतली एक-दोन जमणं अपेक्षितच आहे. तिसऱ्या आठवड्यात तीन-चार जमायला लागली तर विषय हातात येतोय, सोडू नका. मनापासून करूनही आकडा एकवरच अडला असेल, तर मात्र सोडण्याचा विचार रास्त आहे.

ही परीक्षा एकट्या ट्रिगॉनॉमेट्रीवर घेऊ नका. डिटर्मिनंट, मॅट्रिक्स किंवा परम्युटेशन-कॉम्बिनेशनमधलीही उदाहरणं घ्या. त्या प्रकरणांना ट्रिगॉनॉमेट्रीचा आधार लागत नाही, त्यामुळे एका प्रकरणाची भीती अख्ख्या विषयावर बसत नाही.

'बारावीत बघू' म्हणत लांबणीवर टाकणं

बारावीच्या गणिताच्या पुस्तकाच्या भाग दोनमधली बहुतेक प्रकरणं डिफरन्सिएशनवर उभी आहेत: त्याचे उपयोग, इंटिग्रेशन, डिफरन्शियल इक्वेशन्स. इंटिग्रेशनमध्ये निम्मी अडचण अकरावीची ट्रिगॉनॉमेट्री विसरल्याने येते. मॅथेमॅटिकल लॉजिक, मॅट्रिक्स, लिनिअर प्रोग्रॅमिंग आणि बायनॉमियल डिस्ट्रिब्युशन मात्र बऱ्यापैकी स्वतंत्र आहेत. ज्याला गणितात फक्त पात्रतेपुरते गुण हवेत, त्याने आधी ही प्रकरणं आणि २० गुणांचं प्रात्यक्षिक भक्कम करावं. लेखी परीक्षा ८० गुणांची असते. राज्यातल्या इंजिनीअरिंग प्रवेशाची ४५ टक्क्यांची अट (राज्यातल्या मागास प्रवर्गांना ४० टक्के) एकट्या गणिताला लागू नसते. फिजिक्स, गणित आणि केमिस्ट्रीसारखा तिसरा विषय अशा तीन विषयांची बेरीज धरली जाते, म्हणजे ३०० पैकी १३५. हे माहीत नसल्यामुळे गणितात पन्नासच्या खाली असलेली मुलं उगीच हाय खातात.

कोणती दारं बंद होतात ते न तपासणं

मेडिकलला जायचं असेल तर नीटमध्ये गणित नाही, हे खरं. बी. फार्म.ला गणित किंवा बायोलॉजी यांपैकी एक चालतं, बी. एस्सी. अ‍ॅग्रीलाही पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) चालतं. पण पुढे मन बदललं तर काय, हे आजच बघा. इंजिनीअरिंग आणि आर्किटेक्चर बंद. आयएसआयचा (इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट) बी. स्टॅट. बंद. एनडीएत हवाई दल आणि नौदलासाठी बारावीला गणित लागतं. भूदलासाठी कोणतीही शाखा चालते, पण लेखी परीक्षेत ९०० पैकी ३०० गुणांचा गणिताचा पेपर सगळ्यांनाच असतो. आयसरला (विज्ञान शिक्षण आणि संशोधनाच्या केंद्रीय संस्था) पीसीबीवर अर्ज करता येतो, मात्र त्यांच्या प्रवेश परीक्षेत गणिताला इतर तीन विषयांइतकंच, म्हणजे चौथा हिस्सा वजन असतं. तयारी नसेल तर तेवढे गुण आधीच सोडून दिल्यासारखं होतं.

सर्वांत महाग पडणारी चूक वेगळीच आहे. तुमच्याकडे बायोलॉजी नसेल, म्हणजे बायोलॉजीऐवजी आयटी, भूगोल किंवा कॉम्प्युटर सायन्स, इलेक्ट्रॉनिक्ससारखा बायफोकल (व्यावसायिक विषय) घेतला असेल, आणि त्यात गणितही सोडलं, तर पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित) राहत नाही आणि पीसीबीही होत नाही. इंजिनीअरिंग, नीट, बी. फार्म. एकाच फटक्यात जातात. बायोलॉजी नसताना गणित सोडायचं तर त्या जागी बायोलॉजी मिळतेय का, हे आधी पक्कं करा.

अर्धवट बातमीवर विसंबणं

'इंजिनीअरिंगला आता गणित सक्तीचं नाही' हे २०२१ पासून ऐकू येतं. एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाची देशपातळीवरची परिषद) त्या वर्षी आपल्या नियमपुस्तिकेत विषयांची यादी रुंद केली, त्यातून ही समजूत पसरली. प्रवेश मात्र राज्याच्या सीईटी कक्षाच्या माहितीपुस्तिकेवर होतात आणि तिथे फिजिक्ससोबत गणित लागतं. सीईटीच्या पीसीएम गटात तर गणिताचे ५० प्रश्न दोन-दोन गुणांचे असतात, २०० पैकी १०० गुण. ज्या अभ्यासक्रमाचा विचार आहे त्याची चालू वर्षाची पात्रता स्वतः वाचा. मित्राचं किंवा क्लासवाल्यांचं सांगणं पुरेसं धरू नका.

सोडायला हवं तिथे धरून ठेवणं

उलटी चूकही होते. पीसीएमबी (गणित आणि बायोलॉजी दोन्ही) घेऊन 'दोन्ही दारं उघडी' ठेवताना नीटची तयारी पातळ होते. इंजिनीअरिंगला जाणारच नाही हे पक्कं असेल आणि गणिताचे तास बायोलॉजीच्या वाट्याचे जात असतील, तर सोडा आणि मनाला लावून घेऊ नका. फक्त एक लक्षात असू द्या: गणित सोडलं तरी फिजिक्समधलं गणित सुटत नाही. व्हेक्टर, लॉगॅरिदम, साधं डिफरन्सिएशन आणि इंटिग्रेशन एवढं तरी शिकावंच लागतं, आणि नीटच्या १८० प्रश्नांत फिजिक्सचे ४५ असतात.

कॉमर्समध्ये गणित की एसपी (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस), हा प्रश्न तुलनेने सोपा. सीए करायचंय म्हणून गणित सोडणाऱ्यांनी सीए फाउंडेशनचा तिसरा पेपर बघावा: बिझनेस मॅथेमॅटिक्स, लॉजिकल रीझनिंग आणि स्टॅटिस्टिक्स मिळून १०० गुण, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा.

कागदपत्रांचा विचार शेवटी करणं

निर्णय झाला तरी विषय बदल आपोआप होत नाही. कॉलेजच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या, पोच घ्या. बदलाची मुदत कधीपर्यंत आहे, बोर्डाची मान्यता कोण आणि कधी घेणार, नव्या विषयाला कॉलेजात शिक्षक आणि तुकडी आहे का, झालेल्या प्रात्यक्षिकांची जर्नल कशी पूर्ण करायची, हे त्याच भेटीत विचारून घ्या. बारावीचा परीक्षा अर्ज भरला गेला की बदल फार कठीण होतो, म्हणून अकरावीचं पहिलं सत्र संपेपर्यंत ठरवलेलं बरं.

आणि 'नंतर देऊ' या भरवशावर गणित सोडू नका. बारावी पास झाल्यावर तुरळक विषय (एकच सुटा विषय) म्हणून गणिताची परीक्षा देता येते, पण तोवर बरोबरची मुलं पुढे गेलेली असतात, कॉलेजचे तास नसतात, आणि प्रवेशाचं एक वर्ष बहुतेकदा हातचं जातं. तो मार्ग घ्यायचाच झाला तर आपल्याला हव्या त्या अभ्यासक्रमाच्या माहितीपुस्तिकेत अशी वेगळी गुणपत्रिका स्वीकारतात का, हे अर्ज भरण्याआधी तपासा.