पशुवैद्यकाच्या पहिल्या वर्षातील जीवशास्त्र: या चुका टाळा

पशुवैद्यकाच्या पहिल्या वर्षाला येणाऱ्या विद्यार्थ्याच्या डोक्यात जीवशास्त्र भरपूर असते. अडचण एवढीच, की ते जवळजवळ सगळे माणसाचे असते. गुणसूत्रे म्हटली की ४६, रक्तपेशी म्हटली की गोल आणि बिनकेंद्रकाची, रक्तातील साखर म्हटली की डॉक्टरांच्या रिपोर्टावरचे आकडे. जर्नल आणि उत्तरपत्रिका तपासताना वर्षानुवर्षे त्याच जागी सापडणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ ‘कोणता प्राणी?’ हे न विचारण्यात आहे आणि उरलेल्यांचे घाईत.

सलाईनऐवजी पाणी

परासरणाची, म्हणजे पटलातून पातळ द्रावणाकडून दाट द्रावणाकडे पाणी जाण्याची, व्याख्या सर्वांना पाठ असते. तरीही रक्ताच्या प्रात्यक्षिकाला दरवर्षी कोणीतरी रक्तात सलाईनऐवजी (मिठाच्या पाण्याऐवजी) डिस्टिल्ड वॉटर घालतोच, कारण दोन्ही द्रव सारखेच दिसतात आणि बाटलीवरचे लेबल वाचणे हा वेळेचा अपव्यय वाटतो. एका प्रात्यक्षिकात सलाईन संपले, तेव्हा एका गटाने शेजारची वॉश बॉटल उचलली आणि शेळीचे रक्त तिच्यातील पाण्यात पातळ केले. स्लाईडवर काहीच दिसेना. ‘‘मॅडम, मायक्रोस्कोप खराब आहे,’’ अशी तक्रार आली. मायक्रोस्कोप बदलला, मग बल्ब बदलला, पण टेस्ट ट्यूबकडे कोणी पाहिले नाही. ती उजेडात धरली असती, तर गढूळ लाल मिश्रणाच्या जागी सरबतासारखा स्वच्छ, पारदर्शक लाल द्रव दिसला असता. पेशींत पाणी शिरून त्या फुगल्या होत्या, फुटल्या होत्या आणि त्यांतील हिमोग्लोबिन बाहेर आले होते.

पलीकडच्या टेबलावर कोंबडीचे रक्त होते आणि वॉश बॉटल तीच. त्या गटाला मात्र स्लाईडवर ‘काहीतरी’ दिसले आणि त्यांनी लिहून टाकले की कोंबडीच्या तांबड्या पेशी अगदी लहान, लांबट आणि केंद्रकविरहित असतात. पक्ष्यांच्या तांबड्या पेशींना केंद्रक असते. पेशी फुटली, तरी ते सहसा मागे उरते. ज्यांना ते केंद्रकविरहित पेशी म्हणत होते, ती नुसती केंद्रकेच होती. तरीही या गटाने निदान दिसले ते काढले. शेळीवाल्यांनी कोऱ्या स्लाईडवरून जर्नलमध्ये पुस्तकातल्या सुबक, गोल पेशी काढल्या आणि खाली ‘निरीक्षण’ असे लिहिले. पाण्याची चूक क्षम्य आहे, ही नाही.

यावर माझी सवय साधी आहे. स्लाईड करण्याआधी ट्यूबच्या मागे छापील कागद धरावा. अक्षरे धूसर झाली किंवा दिसेनाशी झाली, तर पेशी शाबूत आहेत. अक्षरे लख्ख वाचता आली, तर त्या फुटल्या आहेत आणि मायक्रोस्कोपकडे जाण्यात अर्थ नाही. सस्तन प्राण्यांच्या रक्तासाठी ०.९ टक्के सलाईन वापरतात, पण सर्वांच्या पेशी सारख्याच सोशिक असतात असे समजू नये. शेळीची तांबडी पेशी जेमतेम ४ मायक्रोमीटर व्यासाची, तर कुत्र्याची सुमारे ७ मायक्रोमीटरची असते. ज्या सौम्य सलाईनमध्ये कुत्र्याच्या पेशी तग धरतात, त्यात शेळीच्या फुटू लागतात. उंटाच्या लंबगोल पेशी मात्र फुगूनही सहजासहजी फुटत नाहीत.

याच विषयातली दुसरी गफलत हुशार विद्यार्थी करतात. रक्ताइतकीच परासरण संहती (विरघळलेल्या कणांचे प्रमाण) असलेला कोणताही द्रव पेशीला सुरक्षित, असे ते ठामपणे लिहितात. युरियाचे १.८ टक्के द्रावण या हिशेबात बरोबर बसते, तरीही त्यात तांबड्या पेशी फुटतात, कारण युरिया पेशीपटलातून आत जातो आणि त्याच्यामागोमाग पाणीही. विरघळलेले कण किती, एवढेच मोजून भागत नाही. त्यांतले कोणते कण पटल ओलांडू शकतात, हेही पाहावे लागते.

गाईच्या पेशीत १२० गुणसूत्रे

गाईच्या कायिक पेशीत (जननपेशी सोडून शरीरातील इतर पेशीत) ६० गुणसूत्रे असतात, हे पाठ केलेला विद्यार्थी पेशी विभाजनाच्या प्रश्नावर हमखास घसरतो. डीएनएची प्रत तयार झाली, म्हणजे गुणसूत्रे १२० झाली, असे त्याला वाटते. प्रत तयार झाल्यावर प्रत्येक गुणसूत्राला दोन क्रोमॅटिड (एकसारखे धागे) असतात, पण ती एकाच सेंट्रोमिअरपाशी, म्हणजे जोडबिंदूपाशी, जोडलेली असतात. म्हणून गुणसूत्रे ६० आणि क्रोमॅटिड १२०. सूत्री विभाजनात (शरीराच्या पेशींच्या नेहमीच्या विभाजनात) ही क्रोमॅटिड वेगळी झाली, की पेशीचे दोन भाग होईपर्यंत थोडा वेळ गुणसूत्रे खरोखरच १२० असतात. जननपेशी तयार करणाऱ्या अर्धसूत्री विभाजनाचा पहिला टप्पा संपला, की प्रत्येक पेशीत ३० गुणसूत्रे आणि ६० क्रोमॅटिड उरतात. दुसऱ्या टप्प्यानंतर ३० गुणसूत्रे, प्रत्येकाचा एकच धागा.

मी सेंट्रोमिअर मोजते आणि विद्यार्थ्यांनाही तेच मोजायला लावते. समासात पेन्सिलीने तीन रकाने आखावेत: टप्पा, सेंट्रोमिअर, क्रोमॅटिड. याला दोन मिनिटे लागतात. ‘ट्रिक सांगा’ म्हणणाऱ्यांना ही दोन मिनिटे जड वाटतात आणि ट्रिक विसरली, की त्यांची सगळी आकडेमोड कोसळते.

खेचराच्या वंध्यत्वाचे उत्तरही असेच एका ओळीत उरकले जाते. घोड्याची ६४, गाढवाची ६२, म्हणून खेचराची ६३. संख्या विषम, सबब खेचर वांझ. आकडे बरोबर आहेत, पण दिलेले कारण अपुरे आहे. प्रझेवाल्स्की घोड्याची (मध्य आशियातील रानटी घोड्याची) ६६ गुणसूत्रे असतात. त्याच्या आणि पाळीव घोड्याच्या संकरातून होणाऱ्या शिंगराची ६५ असतात, तरीही ते प्रजननक्षम असते. १९६४ मध्ये स्वीडनमधील गाईंमध्ये पहिल्या आणि एकोणतिसाव्या गुणसूत्रांचा जोड वर्णिला गेला. असा एक जोड बाळगणाऱ्या गाईत ५९ गुणसूत्रे असतात, तिची प्रजननक्षमता काहीशी घटते, पण ती वांझ नसते. या दोन्ही उदाहरणांत दोन गुणसूत्रे जोडून झालेले एक गुणसूत्र आपल्या दोन मूळ जोडीदारांशी जुळवून घेते. घोडा आणि गाढव यांच्या गुणसूत्रांची रचना मात्र इतकी वेगळी झाली आहे, की अर्धसूत्री विभाजनात त्यांच्या जोड्या नीट जमत नाहीत आणि जननपेशी तयार होण्याचे काम तिथेच अडते. उत्तरात हे लिहायला हवे.

बाकीच्या चुका, थोडक्यात

गाईला चार पोटे असतात, असे लिहू नये. पोट एकच, त्याचे कप्पे चार. त्यांपैकी कोटीपोट, जाळीपोट आणि पडदेपोट यांत पाचकरस स्रवत नाही. तो चौथ्या कप्प्यात, अबोमासममध्ये स्रवतो.

निरोगी गाईच्या रक्तातील साखर साधारण ४५ ते ७५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असते, म्हणून माणसाच्या आकड्यांवरून तिला आजारी ठरवू नये. तिच्या चाऱ्यातील बहुतेक कर्बोदके कोटीपोटात आंबून त्यांची मेदाम्ले होतात आणि लागणारे ग्लुकोज मुख्यतः त्यांपैकीच एका, प्रोपिओनेटपासून यकृतात तयार होते.

कळपात जास्त दिसते ते लक्षण प्रभावी, हा समज सोडावा. गुरांमध्ये शिंगे नसणे हे प्रभावी लक्षण आहे, तरीही अनेक जातींत जवळजवळ सगळीच जनावरे शिंगांची असतात. ३:१ (तीन प्रभावी लक्षणाची, एक अप्रभावी) हे गुणोत्तरही कुत्रीच्या एका वेतातील चार पिलांत शोधू नये.

पिलू नर की मादी, हे प्रत्येक वेळी पित्यावर ठरत नाही. कोंबड्यांत लिंग ठरवणारी गुणसूत्रे मादीत झेडडब्ल्यू आणि नरात झेडझेड असतात, म्हणून तिथे ते मादीवर ठरते.

स्लाईडवर तेलाचा थेंब टाकल्यावर पुन्हा ४० एक्सची लेन्स फिरवू नये. ती कोरडी लेन्स असते, स्लाईडच्या अगदी जवळ येते आणि तेलाने माखली, की पुढच्या विद्यार्थ्याला सगळे धुक्यात दिसते. आधी ४० एक्सखाली हवे ते पाहून घ्यावे, मग तेल टाकावे आणि उठण्यापूर्वी १०० एक्सची लेन्स लेन्स पेपरने पुसावी, रुमालाने किंवा ॲप्रनच्या टोकाने नव्हे.