भाकरी कापली मुलांनी, विचार केला मी

पाचवीला अपूर्णांक शिकवायचे म्हणून मी कागदाच्या भाकऱ्या केल्या होत्या. रात्री जागून पटावरच्या ३१ मुलांसाठी गोल कापले. कुठे अर्धी, कुठे तिसरा हिस्सा, कुठे पाव, अशा पेन्सिलीने रेघाही आखून ठेवल्या. मुलांनी रेघेवरून कापलं, रंगवलं, भिंतीवर चिकटवलं. शाळा बघायला आलेल्या केंद्रप्रमुखांनी शेरेबुकात चांगला शेरा लिहिला.

तीन आठवड्यांनी चाचणीत विचारलं, १/३ मोठा की १/४? २२ मुलांनी १/४ लिहिलं. भाकऱ्या तशाच भिंतीवर होत्या. एका हुशार मुलीला जवळ घेऊन विचारलं, असं का गं लिहिलंस? ती म्हणाली, "बाई, तीनापेक्षा चार मोठे असतात ना."

त्या दिवशी घरी जाताना मला रडू आलं. तुम्ही नुकत्याच रुजू झाला असाल आणि तुमचंही असं काही झालं असेल, तर हे वाचा. ज्ञानरचनावाद (मूल स्वतःचं ज्ञान स्वतः घडवतं हा विचार), बालकेंद्री शिक्षण, कृतियुक्त अध्यापन हे सगळं तुम्ही डी.एड., बी.एड.ला लिहून आला आहात. मी फक्त ती एक खोच सांगणार आहे जी मला कुणी सांगितली नाही.

गोल कागदाचे तीन सारखे भाग करणं अवघड असतं. मोठ्या माणसालाही पटकन जमत नाही. मुलांचा वेळ जाईल, कागद फुकट जातील, म्हणून मी रेघा आखून दिल्या. पण त्या पाठातलं गणित त्या अवघडपणातच होतं. भाग सारखे कसे करायचे, सारखे झाले हे कसं ओळखायचं, एक भाग वाढवला की बाकीच्यांचं काय होतं, हा सगळा विचार माझा रात्रीच करून झाला होता. मुलांच्या वाट्याला कात्री आणि रंगकाम आलं. वर्गात हालचाल होती, आनंद होता, साहित्य होतं, पण विचार करणारं माणूस एकच होतं, मी. फळ्यावर उदाहरण सोडवून उतरवायला लावणं आणि रेघ आखून कापायला लावणं यात मुलाच्या डोक्याला काहीच फरक पडत नाही. हे मी पुन्हा पुन्हा सांगते, कारण असा पाठ बाहेरून फार छान दिसतो. बघायला येणारेही फसतात.

पुढच्या वर्षी भाकरी सोडली आणि वर्तमानपत्राच्या लांब पट्ट्या घेतल्या. पट्टीची लांबी शेजारी शेजारी ठेवून लगेच ताडता येते. तिघातिघांचे गट केले आणि म्हटलं, ही एक पट्टी तुम्हा तिघांत सारखी वाटा. एवढंच. कशी वाटायची ते सांगितलं नाही. एका गटाने मधोमध घडी घातली, मग एका अर्ध्याची पुन्हा घडी, आणि म्हणाले, झाले तीन भाग! लगेच तिथेच भांडण, "ह्याला मोठा तुकडा आला!" माझी जीभ वळवळत होती, पण गप्प राहिले. पंधरा मिनिटं गेली. मग विचारलं, आता तुमच्यात चौथा आला तर? ज्या मुलाला सगळे कच्चा म्हणायचे तो म्हणाला, "मग माझं कमी होणार की." छेद वाढला की वाटा लहान होतो, हे मी सांगायच्या आधी त्याने सांगितलं होतं.

तासाआधी लिहायच्या पाठटाचणात 'शिक्षक कृती' आणि 'विद्यार्थी कृती' असे रकाने भरतोच आपण. बाजूला एक रकाना स्वतःसाठी आखा, मुलं कशाचा विचार करतील? तिथे 'ऐकतील', 'बघतील', 'रंगवतील' एवढंच आलं, तर तो पाठ घेऊ नका, बदला.

आणि "समजलं का?" हे विचारणं आजपासून बंद करा. "होऽऽ बाई" याला काडीचाही अर्थ नाही. पाटीवर उत्तर लिहायला सांगा, एक-दोन-तीन म्हटल्यावर सगळ्यांनी पाट्या वर करायच्या. एका नजरेत वर्ग कळतो. चूक दिसली की खोडू नका, कारण विचारा. दुसरी-तिसरीचं मूल पंच्याहत्तर ऐकून ५७ लिहितं, कारण त्याने आधी पाच ऐकलेला असतो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'सत्तर पाच' असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला! पद्धत कुठलीही वापरा, पण ५७ लिहिणाऱ्या मुलाला ढ म्हणू नका. त्याने नीट ऐकलंय.

शॉर्टकटबद्दल माझं मत कडक आहे. शिष्यवृत्ती परीक्षेच्या नावाखाली अपूर्णांकांच्या तिरकस गुणाकाराची युक्ती आधी आणि अर्थ नंतर, असं करू नका. तो 'नंतर' कधी येत नाही. स्वतःसाठी मार्गदर्शक निवडतानाही वरवरचं बघू नका. मागे बसून तुमचा आवाज आणि फळा बघणाऱ्यापेक्षा, तास संपल्यावर पाच वह्या उघडून बघणारी ज्येष्ठ बाई शोधा. मला अशी एक भेटली, नाहीतर मी भाकऱ्याच कापत बसले असते.

साहित्य नाही म्हणून अडू नका. देवळालीच्या शाळेत शिकवलेले गणितज्ञ द. रा. कापरेकर यांचा ६१७४ या संख्येचा खेळ तर फुकट आहे. सगळे अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्या. अंक उतरत्या क्रमाने लावून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, आणि आलेल्या उत्तरावर तेच पुन्हा. उत्तर तीन अंकी आलं तर पुढे शून्य लावून चार अंक करा. ३५२४ वरून ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत अशी प्रत्येक संख्या तिथेच पोचते. मी कधी दिली नसती इतकी हातच्याची वजाबाकी मुलं आपणहून करतात. फक्त मधे चूक होऊनही शेवटी ६१७४ येऊ शकतं, म्हणून प्रत्येक वजाबाकीच्या उत्तरातल्या अंकांची बेरीज ९ च्या पटीत आहे का, ते मुलांनाच तपासू द्या.

रोज असा तास होत नाही. माहित्या भरायच्या असतात, पोषण आहाराची नोंद असते, दोन वर्ग एकत्र बसलेले असतात. आठवड्यात एक तास जमला तरी पुष्कळ आहे. पहिले काही तास गोंधळाचेच जातील, शेजारच्या वर्गातून तक्रार येईल. घाबरू नका, माझेही तसेच गेले.

सवय मात्र सहज सुटत नाही. मागच्याच आठवड्यात एक मुलगा पट्टीचे पाच भाग करायला झगडत होता. न कळत मी हात पुढे केला. त्याने पट्टी मागे घेतली, "थांबा ना बाई." मग वहीच्या रेघांवर पट्टी तिरकी ठेवली, एक टोक पहिल्या रेघेवर, दुसरं सहाव्या रेघेवर, आणि मधल्या चार रेघा जिथे पट्टीला भेटल्या तिथे खुणा केल्या. पाच भाग, अगदी सारखे. दहावीत समांतर रेषा आणि छेदिकांचा गुणधर्म म्हणून हेच येतं. त्याला अजून ते नाव माहीत नाही.